शेवटून तिसरा आकडा

“मॅडम, आरसी आहे, गाडी आहे, पण गाडीवर नंबरच नाही,” स्क्रॅप केंद्रातून आलेला मुलगा म्हणाला.

मला वाटलं, पुढची प्लेट कुणीतरी काढून नेली. आमच्या शेडमध्ये हे होतं. तो म्हणाला, “ती प्लेट नाही हो. चेसिस नंबर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठोकलेला. तो जुळल्याशिवाय आम्हाला गाडी घेता येत नाही.”

मी पुण्यातल्या एका सहल कंपनीत १९९८ पासून आहे. लागले स्टोअरमध्ये, आता कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या शेडचे सगळे कागद माझ्याकडे असतात: परमिट, पासिंग, विमा, टायरचे नंबर, डिझेलच्या पावत्या. गाडी चालवता येत नाही, पण कुठल्या गाडीचं पासिंग कधी संपतंय ते मला झोपेतून उठवून विचारा. आणि आज माझ्याच कागदात खोट निघत होती. चारच्या आत गाडी केंद्रावर पोचली नाही तर पुढची तारीख आठवड्यानंतरची. मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, आणि नवी गाडी तर शोरूममध्ये उभी. मालकांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते.

गाडी म्हणजे आमची चौदा नंबर. आमच्याकडे गाड्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. १९९८ ची लेलँड, पुढे इंजिन, पंचेचाळीस सीट. माझ्याच पहिल्या आठवड्यात शेडला आली.

लोकांना वाटतं, सहल कंपनीत नवी गाडी आली की जुनी जाते. तसं नसतं. नवी वर बसते आणि बाकीच्या सगळ्या एकेक पायरी खाली उतरतात. चौदा नंबरने पहिली आठ वर्षं टुरिस्ट परमिटवर काढली, कारण त्या परमिटवर तेवढंच वय चालायचं. तेव्हाच्या नियमाने अंग पांढरं, मधोमध पाच सेंटिमीटर रुंदीचा निळा पट्टा आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटरच्या गोलात ‘टुरिस्ट’. काशी, कन्याकुमारी, द्वारका, सगळं झालं. मग पिंपरीतल्या एका कारखान्याची स्टाफ बस. मग शाळांच्या सहली आणि लग्नसराईत वऱ्हाड. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या बसच्या फिटनेसची फी साडेबारा हजार झाली, तेव्हा मालकांनी हिशेब केला आणि चौदा नंबर भिंतीला लागली. तेव्हापासून तिच्यात शेडमधली मांजर दरवर्षी वितेय.

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री माझ्याही आधीपासूनचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज दहाला शेडवर येतात. घरी बसवत नाही म्हणतात. घरच्यांना त्यांचं घरी बसणं सोसत नाही, हे खरं कारण.

“नंबर हाय की,” मिस्त्री म्हणाले. “उजव्या अंगाला, म्होरल्या चाकाच्या वर. चेसिसवरच ठोकलेला असतोय.”

तिथे नंबर नव्हता. तिथे एक जाड पट्टी वेल्ड केलेली होती. मिस्त्री वाकून बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “ह्ये माझंच पाप.”

खंबाटकीत एकदा गाडी दरडीला घासली होती. चेसिसला चीर गेली, दुसऱ्या दिवशी गाणगापूरची सहल भरलेली. मिस्त्रींनी रातोरात पट्टी मारली. नंबर झाकला जातोय हे त्यांना दिसलं होतं, पण सहल निघाली पाहिजे होती. पुढे ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. कागदावर नंबर होता ना, मग झालं.

पट्टी काढायची तर गॅस कटर लावता येईना, उष्णतेने खालचे आकडे जायचे. मिस्त्रींनी ग्राइंडर घेतला आणि वेल्डची कड तेवढी खात बसले. तासभर गेला. मी छत्री उघडून ठिणग्यांच्या आड उभी. शेजारचा पत्रा घासला गेला तसे रंगाचे थर दिसायला लागले: वर स्टाफ बसचा पिवळट, त्याखाली टुरिस्टचा पांढरा आणि निळ्या पट्ट्याची कड, सगळ्यांत खाली लाल प्रायमर.

त्या तासात बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी खिडक्या बघत होते. प्रत्येक खिडकीला आडवे लोखंडी गज. तेव्हा ते सुरक्षित वाटायचे, पोरं डोकं बाहेर काढत नाहीत म्हणून. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे येणारी स्लीपर बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. गाडी दाराच्या अंगावर पडली होती. त्या सकाळी मी शेडमधल्या प्रत्येक गाडीत चढून आपत्कालीन खिडकी उघडून बघितली, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते बघितलं. दोन गाड्यांत नव्हती. पाहुण्यांची मुलं आठवण म्हणून नेतात. आमच्याकडे स्लीपर नाही आणि घ्यायची नाही, हे मालकांनी त्या दिवशी ठरवलं. धाकट्या मालकांना ते अजून पटलेलं नाही.

पट्टी निघाली. मिस्त्रींनी डिझेलचा बोळा फिरवला, तारेचा ब्रश मारला, पॉलिश पेपर घासला. आकडे एकेक करून वर आले. सगळे आले, शेवटून तिसरा सोडून. तिथे गंजाने खड्डा पाडला होता. बघाल तसं, तीन किंवा आठ. आरसीवर आठ.

“मला तर तीन दिसतोय,” केंद्राचा मुलगा म्हणाला. पोरगा प्रामाणिक होता, त्याचा राग येत नव्हता हीच अडचण.

मग मला फाइल आठवली. नवी गाडी रजिस्टर करताना चेसिस नंबरची पेन्सिलने छाप काढतात. आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. एक नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे फॉर्म २० ला जाते. आम्ही दोन काढायचो.

गेले पोटमाळ्यावर. तिथे आमच्या सगळ्या गाड्या आहेत, म्हणजे विकल्या गेलेल्यासुद्धा, प्रत्येकीची एक फाइल. पहिली अगदी बारीक: आकुर्डीला बनलेली मॅटाडोर, मालकांच्या वडिलांनी अष्टविनायकासाठी घेतलेली. एक पावती, एक विमा, संपलं. तिच्यामागे जुन्या टाटा-मर्सिडीज चेसिसवर बांधलेली बस. टाटांचा त्या जर्मन कंपनीशी करार १९५४ ते १९६९ एवढाच होता आणि ही गाडी आमच्याकडे आली तीच तिसऱ्या हाताने. पण पुढच्या जाळीवर तारा शाबूत होता. वडील मालकांनी हँडबिल छापलं: ‘मर्सिडीज गाडीने श्रीक्षेत्र गाणगापूर.’ ते हँडबिल फाइलला आहे. खोटं एक अक्षर नाही त्यात. फक्त ती चेसिस ट्रकची होती आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटेही ट्रकचेच, हे छापलेलं नाही. मागच्या सीटवर बसलेल्यांना ते गाणगापूर येईपर्यंत कळायचंच.

नंतरच्या फायली जरा जाड. व्हिडिओ कोचचं व्हीसीआरचं बिल. कुठला पिक्चर लावायचा यावरून झालेल्या भांडणाचं एक तक्रारपत्रही त्याला टाचलेलं आहे. १९८६ ला टाटांची ४०७ आली, १९८७ ला बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर. या दोन्ही छोट्या गाड्यांनी आम्हाला तारलं असं वडील मालक म्हणायचे, कारण मोठी गाडी भरायला चाळीस माणसं लागतात आणि ट्रॅव्हलर एका कुटुंबातच भरते.

आणि मग व्होल्वो. ती फाइल उचलायला दोन हात लागतात. भारतात ती आली २००१ ला, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला २००२ ला, आणि आमच्या फोनवर पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, “जेवण आपलंच का?” आता विचारायला लागले, “व्होल्वो आहे का?” कुठलीही एसी गाडी म्हणजे व्होल्वो. आम्ही एक घेतली, वापरलेली, २००५ मध्ये. इंजिन मागे, पाट्यांच्या जागी हवेचे फुगे. सामान टपावरून उतरून पोटातल्या डिकीत गेलं, आणि शिडीवर चढून ताडपत्री बांधणारी दोन माणसं मालकांनी पुढच्या सीझनला बोलावलीच नाहीत. त्यांचे शेवटचे पगाराचे व्हाउचर त्याच फाइलला लागलेत. कुणी लावले माहीत नाही. अक्षर माझंच आहे.

मिस्त्रींचं व्होल्वोशी कधी जमलं नाही. “डायवरला इंजन ऐकूच येत न्हाय, मंग त्यो गाडी चालवतो कशी?” असं ते म्हणायचे. चौदा नंबरमध्ये ड्रायव्हर इंजिनाशेजारी बसायचा. घाटात आवाज उतरला की हात आपोआप गिअरवर.

२०२० ची फाइल मी उघडली नाही. १ एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम येणार, गाड्या महागणार, म्हणून मार्चमध्ये घाईने दोन बीएस-४ गाड्या उचलल्या आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागलं. दोन्ही गाड्या नव्याकोऱ्या, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही, आणि हप्ते सुरू. तेव्हा मी रोज जाऊन त्यांची इंजिनं सुरू करायला लावायचे, बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून. बीएस-६ नंतर घेतल्या. त्यांच्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं, ते संपलं की इंजिन स्वतःच जोर कमी करतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, “युरिया? गाडी हाय का ऊस हाय?” या गाड्यांच्या फायली पुन्हा बारीक झाल्यात. सगळं ऑनलाइन.

चौदा नंबरची फाइल सापडली. दुसरी छाप तिच्यात होती, चिकटपट्टी पिवळी पडलेली. ही छाप मी काढली होती. नोकरीचा तिसरा दिवस, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून चाकाशी उकिडवी बसले होते, आणि मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून दिली होती. माझा हात हलला होता, म्हणून एका कडेला अंगठ्याचा काळा डाग. आणि शेवटून तिसरा आकडा, स्वच्छ, आठ.

खाली आले. मुलाने गाडीवर नवीन छाप काढली, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. ठोकताना एक आकडा किंचित कलला होता आणि चारचं शेपूट लांब होतं. दोन्हीकडे तसंच. गंजलेल्या खड्ड्याच्या कडा आठच्या दोन पोटांत बरोबर बसल्या. त्याने वरिष्ठांना व्हिडिओ कॉल लावला, कागद फिरवून फिरवून दाखवले. वीस मिनिटांनी तिकडून ‘चालेल’ आलं. तेव्हा दीड वाजला होता.

स्टोअरमधली बॅटरी लावली. मिस्त्री वर चढले, मांजरीला पिलांसकट खाली दिलं आणि चावी फिरवली. दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. शेडमधली नवी पोरं चकित झाली. आम्ही नाही झालो. ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबलो आणि मिस्त्रींनी गाडी काढली. मी केबिनमध्ये बसले, आणि सवयीने माझा डबा बॉनेटवर, म्हणजे केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर ठेवला. सहलीला आमचे आचारी ड्रायव्हरची भाजी अशीच गरम ठेवायचे. केंद्रावर पोचलो तेव्हा मटकीची उसळ वाफाळत होती. आम्ही दोघांनी तिथेच पायरीवर बसून खाल्ली, कारण वजनकाट्यावर आमच्या आधी तीन ट्रक होते.

वजन झालं, पावती मिळाली. चेसिसचा तो तुकडा आमच्यासमोरच कापून काढला. मुलाने त्याला चिठ्ठी बांधली. मिस्त्री तिकडे बघत नव्हते, शेजारच्या एका ट्रकचा गिअरबॉक्स बघत होते.

परत न्यायला शेडला फोन केला, तर सीझनचे दिवस, एक गाडी रिकामी नाही. इतक्या गाड्यांच्या कंपनीची आम्ही दोन माणसं पीएमपीच्या, म्हणजे सिटी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिलो. इलेक्ट्रिक बस आली. बसायला जागा नव्हती. मिस्त्री दांडी धरून मान एका बाजूला कलती करून उभे राहिले, घाटात राहायचे तसे. दोन सिग्नल गेले.

“मॅडम,” ते म्हणाले, “ह्यो गिअर कवा टाकतोय?”

“गिअर नसतो यात.”

ते काही बोलले नाहीत. कंडक्टर आला, तर माझ्या आधी खिशात हात घालून म्हणाले, “दोन द्या. कात्रज.”