४२ मिनिटांत तीन खोल्या: कार्पेट सफाईचा माझा अनुभव

सकाळी १०:१० ला फोन आला, "मॅडम, खाली आलोय." १०:५२ ला पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर आली. मधल्या ४२ मिनिटांत मशीन वर आलं, सामान सरकलं, तीन खोल्यांचं कार्पेट धुऊन झालं, सामान परत जागेवर गेलं आणि आलेले दोघं निघूनही गेले. या दोन वेळा मी अजून मोबाइलमध्ये जपून ठेवल्या आहेत. पुढचे दोन दिवस जी भांडाभांडी झाली, तिच्यात माझ्या हाताशी पुरावा म्हणून एवढंच होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला बरंच वाटलं होतं. अर्धा दिवस मोडेल असं धरून मी सुट्टी काढली होती आणि अकराच्या आत सगळं आटोपलं. कार्पेट गडद, एकसारखं दिसत होतं, हॉलमधला जुना डागही गेलेला. ओलं कार्पेट नेहमीच गडद दिसतं आणि ओलं असेपर्यंत त्यावरचे डाग दिसत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. जाताना मी विचारलं, वाळायला किती वेळ? "संध्याकाळपर्यंत वाळेल."

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेले तर मोजा चिंब झाला. टाच दाबली की पाणी वर येत होतं. बाबा वॉकर घेऊन चालतात आणि त्यांच्या खोकल्यासाठीच हा सगळा घाट घातला होता. त्या रात्री त्यांना हॉलमध्ये सोफ्यावर झोपवलं, तर तिथलंही कार्पेट ओलंच. खिडक्या उघड्या टाकल्या, पंखे लावले. बाहेर पाऊस पडत होता. दमट हवा आत घेतली तर कार्पेट वाळायचं सोडून ओल धरून बसतं. अशा दिवशी खिडक्या लावून एसी किंवा हवेतली ओल काढणारं मशीन चालवायचं, हेही मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी कुबट वास सुरू झाला आणि हॉलमधला तो डाग परत आला, आधीपेक्षा मोठा आणि कडेला तपकिरी. डाग वरून पुसला जातो, पण धाग्यांच्या मुळाशी घाण राहिलेली असते. खाली भरपूर पाणी मुरलं की ते वाळताना धाग्याधाग्यातून वर चढतं आणि घाण बरोबर घेऊन येतं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं, तसंच.

आता फोनांचं सांगते, कारण माझा खरा वेळ तिथे गेला.

पहिल्या फोनला उत्तर: "मॅडम, कार्पेट वाळायला वेळ लागतोच." दुसऱ्या फोनला दुसरी मुलगी. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, तर म्हणाली, "पंखा लावला होता का?" लावला होता. "मग तुमचं कार्पेट जुनं असेल." तिसऱ्या फोनला एक सद्गृहस्थ. त्यांनी निदान ऐकून घेतलं आणि म्हणाले, तक्रार नोंदवतो, आमची माणसं येऊन पुन्हा मोफत सफाई करून देतील, मंगळवारी. मी खूश झाले. हो म्हणून फोन ठेवला.

हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी बरीच वर्षं हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये काढली आहेत. त्या चपला काढून आत आल्या, खाली वाकून तळहात कार्पेटवर दाबला, मग कोपऱ्यातलं कार्पेट थोडं उचलून खालच्या फोमला बोट लावलं. "अगं, पुन्हा धुऊ देऊ नकोस! पाणी आत आहे आणि हे लोक वरून आणखी ओततील. त्यांना सांग, मशीनने पाणी सोडायचं नाही, आत मुरलेलं नुसतं ओढून घ्यायचं. आणि मंगळवारपर्यंत थांबायचं तर मुळीच नाही. २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते."

म्हणून चौथा फोन. मला पुन्हा सफाई नको, फक्त पाणी ओढून द्या, आणि आजच द्या. पलीकडे शांतता. मग, "मॅडम, म्हणजे सफाई रद्द करायची का?" नाही, रद्द नाही. मशीन आणा, पण पाण्याचा नळ बंद ठेवून चालवा. "आमच्याकडे पुन्हा सफाई असं नोंदवता येतं, किंवा पैसे परत. ओढून घ्यायचं असं काही नाही." मी म्हटलं, मग पुन्हा सफाई असंच नोंदवा आणि खाली लिहा की पाणी वापरायचं नाही. तर खाली लिहायला जागा नाही. पैसे परत हवेत का, हे त्यांनी तीनदा विचारलं. पैसे परत घेऊन मी त्या ओल्या फोमचं काय करणार होते? माझ्याकडे तसं मशीन नव्हतं, रविवारी दुसरं कुणी यायला तयार नव्हतं, आणि बाबा आता खुर्चीत बसून खोकत होते.

पाचव्या फोनला मी सुपरवायझरशीच बोलायचं म्हणून अडून बसले. वीस मिनिटं धरून ठेवल्यावर ते आले. त्यांचा पहिला मुद्दा असा, की आमच्या माणसांनी कामाच्या सगळ्या पायऱ्या केल्या आहेत, तशी त्यांच्या कागदावर खूण आहे. तेव्हा मी त्या दोन वेळा वाचून दाखवल्या. १०:१० ला फोन खालून, १०:५२ ला पावती. मशीन वर आणायला आणि नळ्या जोडायला आठ-दहा मिनिटं. सामान सरकवायला आणि परत लावायला आणखी दहा. उरली बावीस मिनिटं, तीन खोल्यांना. "केमिकल मारून तुमच्यात किती वेळ थांबतात?" मी विचारलं. ते म्हणाले, दहा मिनिटं. "मग उरलेल्या बारा मिनिटांत तीन खोल्यांचं पाणी कसं ओढलं?" यावर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उद्या सकाळी माणूस पाठवतो.

सोमवारी जो माणूस आला त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही कटुता नाही. वयाने मोठा होता. आल्या आल्या सगळ्या खोल्यांत चालून आला आणि म्हणाला, "ताई, यांनी ओढलंच नाहीये." पाण्याची नळी त्याने जोडलीच नाही. नुसतं ओढायचं तोंड कार्पेटवर टेकवून तो सावकाश मागे येत गेला, एकेका पट्ट्यावर तीन-चार वेळा, नळीतून नुसती हवा यायला लागेपर्यंत. बाबांच्या त्या एका खोलीतून अर्धी बादली गढूळ पाणी निघालं, सफाईला दोन दिवस होऊन गेल्यावर! मग त्याने एका कडेचं कार्पेट वर करून खाली पंख्याचं तोंड लावून दिलं आणि तीन खोल्यांत मिळून पावणेदोन तास काम केलं. रात्री उशिरा कार्पेट कोरडं लागलं. वास पूर्ण जायला आणखी चार दिवस गेले.

काम चालू असताना त्याला जे जे विचारलं, त्याने न कंटाळता सांगितलं. मला जो हिशोब समजला तो इथे मांडते, कारण "एका खोलीला किती वेळ लागायला हवा?" याचं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

खोली १० बाय १२ फुटांची धरा. आधी कोरडा व्हॅक्यूम, पाच ते सात मिनिटं. हा टाळणारे फार आहेत. कार्पेटमधली बरीचशी घाण म्हणजे कोरडी धूळ आणि बारीक वाळू असते. ती कोरडी असतानाच निघते. पाणी पडलं की तिचा चिखल होऊन ती मुळाशी बसते. मग केमिकलचा फवारा, दोन-तीन मिनिटं. मग नुसतं थांबायचं, साधारण दहा मिनिटं, पंधरापर्यंत चालेल, पण ते वाळू द्यायचं नाही. घाण धाग्यापासून सुटते ती याच वेळात, आणि घाईच्या माणसाला हाच वेळ फुकट वाटतो. मग ब्रश, चार-पाच मिनिटं.

आणि मग ओढणं. मशीनचं तोंड साधारण एक फूट रुंद असतं, म्हणजे १२ फूट रुंदीला १२ पट्टे. प्रत्येक पट्टा १० फूट लांब. सेकंदाला फूटभर या वेगाने मागे ओढलं तर एका फेरीला दहा सेकंद. एक फेरी गरम पाणी सोडत आणि निदान दोन फेऱ्या कोरड्या, पाणी न सोडता. त्यात पुढे जाणं, कडा एकमेकींवर घेणं, कोपरे, नळी सोडवणं हे धरलं तर बारा ते पंधरा मिनिटं. सगळी बेरीज ३५ ते ४० मिनिटं. खोली रिकामी असेल, कार्पेट फार मळलेलं नसेल आणि गाडीवर बसवलेलं मोठं, जोरदार ओढीचं मशीन असेल तर २० ते २५ मिनिटांतही नीट होतं. सामानाने भरलेली, पाळीव प्राण्यांची किंवा खूप डागांची खोली तासभर घेते आणि तो घेऊ द्यावा.

मात्र तीन खोल्या म्हणजे या वेळेची तिप्पट, असंही नाही. एका खोलीत केमिकल मुरत असताना दुसऱ्या खोलीत व्हॅक्यूम चालतो. दोन सराईत माणसं तीन खोल्या दीड तासात करू शकतात. म्हणून सफाई ठरवताना फोनवर "दीड तास" ऐकून मी निश्चिंत झाले होते, ते चूक नव्हतं. आकडा बरोबर होता, तो पाळला गेला नाही.

या पद्धतीला लोक स्टीम क्लीनिंग म्हणतात, पण त्यात वाफ नसते. गरम पाणी दाबाने सोडून लगेच ओढून घ्यायचं असतं. दुसरी एक कमी पाण्याची पद्धत आहे, तिच्यात केमिकल वाळून त्याचे कोरडे कण होतात आणि नंतर व्हॅक्यूमने निघतात. तिथे खोली लवकर आटोपते आणि तास-दोन तासांत वाळते. तेव्हा कुणी लवकर संपवलं म्हणजे फसवलंच, असं धरू नका. आधी पद्धत कोणती ते विचारा. लोकरीचं कार्पेट असेल तर तेही आधीच सांगा. लोकरीला तीव्र अल्कली, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखं कडक केमिकल, चालत नाही आणि ती पाणीही जास्त धरते.

तीन महिन्यांनी दुसऱ्यांकडून पुन्हा सफाई करून घेतली. त्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. बाबांच्या खोलीला ४० मिनिटं, हॉलला तासाच्या थोडं वर. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना माझ्या बसण्याचं काही वाटलं नाही, उलट टाकीतलं काळं पाणी बोलावून दाखवलं. सात तासांत कार्पेट वाळलं. सहा ते बारा तास हे ठीक, चोवीसच्या पुढे गेलं तर लगेच फोन करा, माझ्यासारखी संध्याकाळ, मग रात्र, मग सकाळ अशी वाट पाहू नका. त्या संध्याकाळी बाबा त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पलंगावर झोपले आणि मला फार हलकं वाटलं.

अजून एक, ते सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. काम संपवून माणसं निघायच्या आधी पांढरा टिश्यू कार्पेटवर टाकून त्यावर पाय दाबा. टिश्यू दमट झाला तर हरकत नाही. भिजून पारदर्शक झाला तर त्यांना थांबवा आणि कोरड्या फेऱ्या आणखी मारायला लावा. मशीन घरात असताना हे दहा मिनिटांचं काम आहे.

डाग परत वर येईल अशी शंका असेल तर ओल्या जागेवर पांढरं जाड फडकं घडी करून ठेवा आणि वर वजन ठेवा. वर चढणारी घाण फडक्यात उतरते. रंगीत फडकं नको, त्याचाच रंग लागेल.

आणि सामान. त्या दोघांनी घाईत पुस्तकांचं लाकडी कपाट ओल्या कार्पेटवर तसंच ठेवलं होतं. पायांखाली प्लास्टिकचे किंवा फॉइलचे तुकडे घालायला हवे होते. लाकडाचा रंग उतरला आणि चार तपकिरी चौकोन पडले, ते दुसऱ्या सफाईतही गेले नाहीत. आता कपाट बरोबर त्याच जागी ठेवावं लागतं. पुढच्या वेळी तुकडे मी स्वतः कापून तयार ठेवणार आहे आणि सकाळची पहिली वेळ मागणार आहे, म्हणजे त्या माणसांना माझ्याकडे येण्याआधीच्या कामात उशीर झालेला नसेल आणि कार्पेटला वाळायला अख्खा दिवस मिळेल.