सप्ताह उद्यापासून

मार्गशीर्ष लागला की म्हापशातल्या आमच्या दुकानात दोन कामं एकदम येतात: न खपलेले दिवाळी अंक परत पाठवायचे आणि गुरुचरित्राच्या पोथ्या मागवायच्या. त्या संध्याकाळी मी अंकांचे गठ्ठे बांधत होतो, तेवढ्यात डिचोलीचे एक काका मुलाला घेऊन आले. हातात ऑनलाइन मागवलेलं पुस्तक. "सप्ताहाक हें चलना," काका म्हणाले.

उघडून पाहिलं. ओव्या नव्हत्याच, गद्य कथासार होतं. मुखपृष्ठावर दत्तगुरूंचं चित्र, नावही तेच. मुलाला फरक कळणार कुठून? पण पारायणाचं गणित ठरलेलं: पहिल्या दिवशी 9 अध्याय, दुसऱ्या दिवशी 21 पर्यंत, तिसऱ्या दिवशी 29. कथासार घेऊन कोण बसणार? आणि काका दुसऱ्याच दिवशी सकाळी बसणार होते.

पोथी मागायला कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, वाचणार कोण, नुसत्या ओव्या हव्यात की अर्थासह. इथे काकांचा चष्माच पुरेसा होता. मोठ्या टाइपाची प्रत काढून दिली. त्यांनी मधलंच पान उघडून दोन ओव्या मोठ्याने म्हटल्या, मग बाइंडिंग ताणून पाहिलं.

मुलगा एव्हाना मोबाइलवर तीच पोथी शोधून बसला होता. "इथे पंचवीस टक्के कमी आहे. तुम्ही किती सोडाल?" यात रागावण्यासारखं काही नाही, मीही विचारलं असतं. सरळ सांगितलं: शंभराच्या पुस्तकामागे तीस-पस्तीस सुटतात, त्यातच पुण्याहून येणारं पार्सल, दुकानाचं भाडं, कामाच्या मुलाचा पगार. दहा टक्के देतो, पुढे जमत नाही. (काणकोणच्या वाचकाला मात्र मीच ऑनलाइन मागवा म्हणतो. एकच पुस्तक एवढ्या लांब पाठवणं दुकानाला परवडत नाही.)

"केन्ना मेळटलें तें?" काकांनी मुलाला विचारलं.

चार दिवसांनी.

"दी पैशे ताका."

दिले. जाताना मुलाने दुकानाचा नंबर घेतला. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने एक फोटो पाठवला, एका शब्दकोशाचं मुखपृष्ठ: मुलीसाठी ही आवृत्ती बरी का? मी कळवलं, ही संक्षिप्त आहे, शाळेपुरती ठीक, कॉलेजला मोठी लागेल. मोठी त्याने ऑनलाइनच मागवली. तेही त्यानेच कळवलं.