ऑनलाइन वाचनसोबत: अर्ध्या तासात नेमकं काय करायचं

जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून वाचनात मदत करण्यासाठी कंपनीच्या स्वयंसेवक मोहिमेत नाव नोंदवलेली बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी गोष्ट वाचून दाखवायची तयारी करून येतात. आवाज बदलून, हातवारे करून. मुलं खूश होतात, अर्धा तास मजेत जातो, आणि जे मूल ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुसतक’ असा वाचत होतं ते पुढच्या आठवड्यातही ‘पुसतक’च वाचतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच शिक्षक दोन-दोन इयत्ता सांभाळतात. प्रत्येक मुलाचं वाचन रोज पाच मिनिटं ऐकणं त्यांना शक्य नसतं. व्हिडिओ कॉलवरून ही एकच गोष्ट खऱ्या अर्थाने करता येते. वाचायचं मुलाने, ऐकायचं तुम्ही.

त्यासाठी एका स्वयंसेवकामागे तीन मुलं पुरेत. चौथं आलं की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटंसुद्धा येत नाहीत. साधारण एकाच पातळीची तीन मुलं निवडायची. इयत्ता वेगळी असली तरी चालेल. पातळी ठरवायला ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीची पद्धत सोपी आहे. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. तो सहज वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळत तुटक वाचला तर शब्दांवर यायचं आणि पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दपातळीवर आहे असं धरायचं. शब्दही जमले नाहीत तर अक्षरांवर यायचं, तिथेही पाचपैकी चार. ही चाचणी शाळेतल्या माणसाने समोरासमोर घ्यावी. अनोळखी दादा पडद्यावर दिसला की वाचता येणारं मूलही गप्प बसतं.

ऑनलाइन वाचनातून सगळ्यात जास्त फायदा शब्द आणि परिच्छेद पातळीवरच्या मुलांना होतो. अक्षरच न ओळखणाऱ्या मुलाला हातात खडू, पाटी आणि शेजारी माणूस लागतो. त्याला पडद्यासमोर बसवणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं.

सामानात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर मुलाच्या हातातला कागद. मजकूर स्क्रीन शेअर करून दाखवायचा मोह टाळा. नेट मंदावलं की अक्षरं धुरकट होतात, आणि ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत आधीच गोंधळणाऱ्या मुलाला ती वेगळी दिसतच नाहीत. शिवाय मुलाला शब्दाखाली बोट ठेवून वाचायचं असतं. तेच पान शाळेत छापून ठेवा, तुमच्याकडे त्याची प्रत असू द्या. अक्षर १८ ते २० पॉइंटचं हवं. आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट: कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या मजकुरात फॉन्टनुसार ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. पाठ्यपुस्तकातला पाकळीचा ‘ल’ शिकलेलं मूल दांडीच्या ‘ल’पाशी थांबतं आणि तुम्हाला कळतच नाही का थांबलं. म्हणून शक्यतो ई-बालभारतीवरची पाठ्यपुस्तकांची पीडीएफच छापा.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांत, फुकट आणि छापायला मुक्त. मात्र पहिली पातळी म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. अनुवादित गोष्टीत पहिल्याच पानावर दोन-तीन जोडाक्षरं निघतात. आदल्या दिवशी पान स्वतः मोठ्याने वाचून बघा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी तर नक्कीच. ‘सिंह’ लिहितात तसा म्हणत नाहीत हे मुलांसमोर कळलं तर पंचाईत होते.

शाळेच्या बाजूला दहा इंची टॅब किंवा लॅपटॉप, स्टँड आणि वेगळा माइक. कॅमेऱ्यावर खर्च करू नका, माइकवर करा. टॅब थोडा उंचावर ठेवून खाली झुकवला की मुलाचा चेहरा आणि पानावरचं बोट दोन्ही दिसतात, आणि बोट कुठे अडलं हे आवाजाच्या आधी कळतं. खोली घुमत असेल तर खाली सतरंजी टाका. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैमधल्या मोठ्या सरीत वर्ग होत नाही, हे गृहीत धरून एक जादा दिवस राखून ठेवा. कॉल सॉफ्टवेअरमधली गोंगाट कमी करणारी सोय बंद करा. हळू आवाजात वाचणाऱ्या मुलाचा आवाज तिला गोंगाट वाटतो आणि शब्दांची टोकं खाल्ली जातात. झूममध्ये त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ आहे. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी कॉल तोडतं, त्यामुळे अर्ध्या तासाच्या वर्गाला ते पुरतं. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचे कॉल बऱ्याचदा अडवलेले असतात. ते पहिल्या वर्गाच्या दहा मिनिटं आधी नाही, आठवडाभर आधी तपासायचं.

आता तो अर्धा तास. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचं, येत असलेलं पान. तिघांनी एकेक तुकडा वाचायचा, म्हणजे तोंड उघडतं. मग पंधरा मिनिटं नवं पान, प्रत्येकी पाच. एक वाचत असताना बाकीच्या दोघांचं बोट त्याच ओळीवर. पुढची पाच मिनिटं आज अडलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा खेळ, तो मुलांजवळ खोलीत बसणाऱ्या शाळेतल्या ताई घेतात. उरलेली पाच मिनिटं गोष्टीवर गप्पा. तिघांना एकत्र मोठ्याने वाचायला लावू नका. कॉलवर आवाज मागेपुढे येतो आणि कोण वाचतंय, कोण ओठ हलवतंय, काहीच कळत नाही.

मूल अडलं की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण दिवसभर मीटिंगमध्ये शांतता भरून काढायची सवय लागलेल्या माणसाला ते फार जड जातं. त्यात कॉलचा एखादा सेकंद उशीर असतो, म्हणजे तुम्ही बोलता तेव्हा मूल उत्तर देऊन झालेलं असतं. पाचपर्यंत मोजूनही काही आलं नाही तर ‘पहिलं अक्षर कोणतं?’ एवढंच विचारा. तरीही नाही जमलं तर शब्द सांगा आणि पुढे चला. एका पानावर दहा शब्दांमागे एकाहून जास्त चुका होत असतील तर दोष पानाचा आहे. सोपं पान घ्या.

चुका कान देऊन ऐकल्या तर त्या ठरावीक असतात. ‘क-म-ळ’ असं सुटं वाचणाऱ्या मुलाला अक्षरं येतात, जोडून म्हणता येत नाहीत. त्याला ‘आता भरभर म्हण’ एवढंच सांगितलं की शब्द ओठावर येतो. ‘सूर्य’चा ‘सूयर’ झाला तर तो रफार. चिन्ह दिसतं ‘य’च्या डोक्यावर, उच्चार येतो ‘य’च्या आधी. वेलांटीचा घोळही त्याच जातीचा. पहिली वेलांटी लिहिलेली असते अक्षराच्या आधी, बोलायची नंतर. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ म्हणजे अर्धं अक्षर पूर्ण वाचलं. यातली कोणती चूक परत परत येते ते टिपून ठेवा. एका वर्गात एकच प्रकार उचलायचा.

उच्चार मात्र सुधारायला जाऊ नका. पालघरच्या वारली पाड्यावरचं किंवा मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणेल. शब्द ओळखला, अर्थ कळला, झालं. शिवाय कॉलवर ‘ब’ आणि ‘भ’, ‘स’ आणि ‘श’ नीट ऐकू येतीलच याची खात्री नसते, त्यामुळे तुम्ही न झालेली चूक सुधारण्याची शक्यता बरीच. शंका आली तर शाळेतल्या ताईंना विचारा. पान २७ ला मूल ‘वीस सात’ म्हणालं तरी हसू नका. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने संख्यावाचनाची ती रीतही दिली होती.

वेगाचंही तेच. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं हे लक्ष्य आहे. ते मोजायचं तर शाळेत, समोर बसून. कॉलवरची वेळ फसवी असते आणि घड्याळ दिसलं की मुलं अंदाजाने शब्द फेकू लागतात.

वेळापत्रकावर बहुतेक उपक्रम बुडतात. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळेचं जूनमध्ये, विदर्भात त्याहून थोडं उशिरा. एप्रिलमध्ये उत्साहाने भरलेले फॉर्म जुलैपर्यंत शिळे होतात. नोंदणी जूनमध्ये करा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, आठवड्यातून दोनदा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात, म्हणून दिवाळीआधीचे आठवडे सोन्याचे. वेळ सकाळी ११ ते १२ ची बरी: युरोपचे कॉल दुपारनंतर, अमेरिकेचे संध्याकाळी, आणि शाळेत खिचडीची सुट्टी अजून व्हायची असते. डिसेंबरमधला एखादा ‘स्वयंसेवा सप्ताह’ फोटोंपुरता ठीक. वाचनाच्या दृष्टीने तो झाला काय न झाला काय.

प्रत्येक गटाला दोन स्वयंसेवक जोडून द्या. एकाला ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजची घाई आली की दुसरा बसतो. येणार नसाल तर आदल्या संध्याकाळी कळवा, कारण मुलं डबा बाजूला ठेवून टॅबसमोर येऊन बसलेली असतात. मराठी न येणाऱ्या सहकाऱ्यांना वाचनाला बसवू नका. पानं छापणं, पातळीनुसार लावणं, टॅब चालू ठेवणं, नोंदी भरणं ही कामं त्यांच्याशिवाय होत नाहीत.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली नफ्याच्या ज्या दोन टक्क्यांचा समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायचा असतो, त्यांत कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत लावून दाखवता येत नाही. म्हणजे दोनशे स्वयंसेवक दिले तरी समन्वयकाचा पगार, डेटा आणि छपाई यांसाठी वेगळी रक्कम द्यावीच लागते. ती न देता नुसती माणसं पाठवणाऱ्या कंपनीला उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने नम्रपणे नाही म्हणावं. वीस-पंचवीस स्वयंसेवकांमागे एक पूर्णवेळ समन्वयक नसेल तर दुसऱ्या महिन्यात कोण कुठे आहे याचा पत्ता लागत नाही.

सुरक्षिततेत सवलत नाही. एकटं मूल आणि एकटा स्वयंसेवक असा कॉल कधीच नाही, शाळेतलं मोठं माणूस खोलीतच हवं. फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. स्क्रीनशॉट काढून लिंक्डइनवर टाकायचा नाही, पालकांची संमती कॉलपुरतीच आहे. मुलाने घरचं काही भयंकर सांगितलं तर खोदून विचारू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, त्याच दिवशी समन्वयकाला सांगा. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, स्वयंसेवकालाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

नोंदवहीला तीन रकाने पुरतात: तारीख, पान, अडलेले शब्द. दर आठ आठवड्यांनी पातळी पुन्हा तपासायची, आणि ती तपासणी त्या गटाच्या स्वयंसेवकाने करायची नाही. आपल्या मुलाला आपण नकळत शब्द सुचवतोच. मार्चमध्येच मुलांना सांगून ठेवा की वर्ग कधी संपणार आहे. शेवटच्या दिवशी नोंदवहीची झेरॉक्स वर्गशिक्षकांच्या हातात द्या. जूनमध्ये त्या मुलाला कोणतं पान द्यायचं ते त्यांना तिसऱ्या रकान्यावरून कळतं.