रायफल नाही, नुसती दुर्बीण

माझ्याकडे एकही रायफल नाही, हे आधीच सांगते, कारण जुन्या स्नायपर रायफलींवरच्या दुर्बिणींचा छंद ऐकला की लोक दोन पावलं मागे सरकतात. त्या रायफलींच्या गोळीचं .३०३ हे माप आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत मोडतं, म्हणजे तुम्हाआम्हाला त्याचं लायसन मिळायचं नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. इंग्लंड-अमेरिकेतली मंडळी दुसऱ्या महायुद्धातल्या स्नायपर रायफली भिंतीवर ओळीने लावतात. मी त्यांचे फोटो बघते आणि दुर्बिणीवर समाधान मानते. खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त रस आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा दुरुस्तीचा गाळा सासऱ्यांपासूनचा. जमीन मोजायचे थिओडोलाइट, ऑटो लेव्हल, क्वचित एखादा मायक्रोस्कोप. हल्ली घोडबंदर रोडच्या साइटवरून पडलेल्या-आपटलेल्या लेव्हलच जास्त येतात. जुन्या बाजारातून कुणीतरी काळी, जड नळी घेऊन येतो आणि विचारतो, "ताई, ही कशाची?" अशा एका नळीपासून मला नंबर ३२ चं वेड लागलं.

नंबर ३२ म्हणजे ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) रायफलीवरची दुर्बीण. गंमत अशी की ती मुळात ब्रेन नावाच्या हलक्या मशीनगनसाठी आखली होती. तिथे ती चालली नाही आणि रायफलीवर आली. निवडक नेमाच्या रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जायच्या. राजेरजवाड्यांसाठी शिकारीच्या बंदुका करणारे हे लोक. युद्धात त्यांनी अशा साधारण २६,००० रायफलींवर दुर्बिणी बसवल्या. मोठं करून दाखवायची ताकद फक्त ३ पट. माझा भाचा हसतो, मोबाइल याच्यापेक्षा जास्त झूम करतो म्हणतो. करू दे. ९ अंशांचा रुंद देखावा आणि रायफलीच्या दणक्यापुढे टिकणारी नळी, हे त्या मोबाइलने करून दाखवावं.

डोळा लावला की खालून वर येणारा एक टोकदार खांब दिसतो आणि त्याला छेदणारी आडवी तार. वरचा ड्रम अंतराचा. मार्क १ वर, म्हणजे या दुर्बिणीच्या पहिल्या आवृत्तीवर, ५०-५० यार्डांनी १००० पर्यंत आकडे. तो फिरवला की टक्-टक् करत तो खांब तुमच्या डोळ्यादेखत वर-खाली सरकतो. आजच्या स्कोपमध्ये खूण कायम मधोमध दिसते. इथे सगळं उघड्यावर. पण मार्क १ आणि २ झिरो करायचे, म्हणजे खूण आणि गोळी एकाच जागी जुळवायची, म्हणजे वैताग, खास पाना लागतो. १९४४ च्या मार्क ३ मध्ये ती कटकट गेली.

खरी किंमत मात्र नंबरांत. दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो आणि रायफलीचा नंबर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर. कारखान्यात एकमेकींशी जुळवलेली जोडी, ती मोडली की नेमही पुन्हा जुळवावा लागायचा. सैन्यात दुर्बीण बदलली तर दस्त्यावरचा जुना नंबर आडवी रेघ मारून खोडायचे आणि शेजारी नवा ठोकायचे. म्हणून खोडलेला नंबर दिसला की मला उलट बरं वाटतं. सगळं गुळगुळीत आणि शिक्क्याच्या खाचेत ताजा रंग असला, की समजावं कुणीतरी हात मारलाय.

ब्रॅकेटवरच्या नंबराची रायफल कुठे असेल, हा विचार मात्र सुटत नाही. बहुधा वितळून गेली असणार.

ठाण्यातला खरा शत्रू म्हणजे हवा. आषाढ लागला की भिंगावर बुरशीचे कोळ्यासारखे धागे पसरतात, आणि वेळेत काढले नाहीत तर काच कायमची खातात. भिंगांच्या जोड्या कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्या चिकाने चिकटवलेल्या असतात. तो सुटायला लागला की कडेला इंद्रधनुषी कडं दिसतं. ते सोडवून, साफ करून, पुन्हा मधोमध बसवणं हे घाईचं काम नाही. आणि बाहेरची नळी कृपा करून ब्रासोने चकाकवू नका. जुना रंग गेला की निम्मी गोष्ट गेली.

सध्या टेबलावर एक मार्क ३ आहे, पण त्यावरचा जुना शिक्का खोडून 'एल१ए१' मारलाय आणि ड्रमवर मीटर आहेत. १९७० नंतर ब्रिटिशांनी याच जुन्या दुर्बिणी ७.६२ मिमी गोळीच्या एल४२ रायफलीसाठी पुन्हा वापरल्या. १९८२ मध्ये फॉकलंडलाही गेल्या. कळव्याचे एक निवृत्त हवालदार गाळ्यावर येतात, त्यांनी ड्रॅगुनोव्ह ही रशियन स्नायपर रायफल चालवलेली; तिच्या दुर्बिणीला पीएसओ म्हणतात. ही हातात घेऊन म्हणाले, "ताई, आमच्या पीएसओमध्ये माणसाच्या उंचीवरून अंतर काढायची रेघ होती. यात काहीच नाही की!" मी म्हटलं, काका, यात अंतर माणसानेच ओळखायचं. त्यावर ते जे बोलायला लागले, ते चहा दोनदा झाला तरी संपेना.

आणि हो, मेसेज करणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात मी बाल्समचं काम घेत नाही. दिवाळीनंतर आणा, आणि आणताना पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका.