किडनीच्या आजाराचं मांजर दत्तक देताना

पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली एकाएकी एखादं म्हातारं मांजर दिसू लागतं. माणसाला बिचकत नाही, हाक मारली की ओ देतं, पण पाठीचा कणा हाताला टोचतो आणि पाण्याच्या भांड्यावरून तोंड हलत नाही. असं मांजर बहुधा जन्माचं भटकं नसतं, कुणीतरी आणून सोडलेलं असतं. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं पडेल अशा जागी टाकणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण टाकणाऱ्याचा शोध नंतर घ्या, आधी कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, काढा.

पकडताना ओरखडा किंवा चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी अँटी-रेबीजची सुई सुरू करा. मांजर घरचं वाटतं म्हणून यात सूट नाही. घरात आणखी मांजरं असतील तर नव्या पाहुण्याला किमान १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. बाथरूमही चालेल, फक्त फिनेल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं.

खूप पाणी, खूप लघवी आणि उतरलेलं वजन ही तिन्ही लक्षणं किडनी, मधुमेह आणि थायरॉइड या तिन्ही दुखण्यांत दिसतात, त्यामुळे अंदाजाने औषध नको. इथे एक चूक फार होते. अंगातलं पाणी कमी होऊन मांजर सुकलेलं दिसतं, डॉक्टर लगेच सलाईन लावतात आणि लघवीचा नमुना दुसऱ्या दिवशी घेतला जातो. सलाईननंतर लघवी पातळच येणार, मग किडनी ती दाट करू शकते की नाही हे कळत नाही. नमुना सलाईनच्या आधी मागून घ्या. सुकलेल्या मांजराच्या लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (दाटपणाचा आकडा) १.०३५ च्या खाली असेल तर किडनीवर संशय घ्यायला जागा आहे.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ), फॉस्फरस, पोटॅशियम, साखर आणि टी-फोर (थायरॉइडची तपासणी) बघा. सोबत एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची किट टेस्ट करा. पहिल्या दिवसाच्या क्रिएटिनिनवर निकाल लावू नका. पाणी कमी पडल्यानेही तो आकडा चढतो, त्यामुळे अंगात पाणी भरल्यावर पुन्हा तपासायचा. स्थिरावलेल्या मांजरात क्रिएटिनिन १.६ ते २.८ (मिलिग्रॅम/डीएल) ही किडनीच्या आजाराची दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. उलटी फसगतही होते. स्नायू झडलेल्या मांजराचं क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, म्हणून परवडत असेल तर एसडीएमए ही स्नायूंवर फारशी न अवलंबणारी किडनीची रक्ततपासणी करून घ्या. तिसऱ्या पायरीवरचं मांजर नीट सांभाळलं तर बराच काळ मजेत जगू शकतं, त्यामुळे घर शोधणं फुकट जात नाही.

रक्तदाब मोजायला बरेच जण विसरतात. वरचा आकडा सतत १६० च्या पुढे राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. त्यावर डॉक्टर सहसा अ‍ॅम्लोडिपिन देतात. माणसांची २.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर तिचा पाव भाग, म्हणजे ०.६२५, ही नेहमीची सुरुवात. माणसांच्या औषधांतलं पॅरासिटामॉल मात्र घरातल्या कुणाच्याही हातून जाता कामा नये. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

आता घरी द्यायचं सलाईन. दत्तक घेणारे इथेच घाबरतात, म्हणून सविस्तर. किती आणि कधी हे डॉक्टर ठरवतात. ४ किलोच्या मांजराला बहुधा एका वेळी १०० मिली रिंगर लॅक्टेट कातडीखाली जातं. डेक्स्ट्रोज असलेली बाटली नको, कातडीखाली गळू होण्याची भीती असते. बाटलीवरच्या खुणा मोघम असतात, त्यापेक्षा ५० मिलीच्या दोन सिरिंज आणि २१ नंबरचा, हिरव्या पंखांचा स्काल्प व्हेन सेट (बारीक नळी जोडलेली सुई) बरा. भरलेल्या सिरिंज कोमट पाण्यात ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको. नळीतली हवा काढा, खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचला आणि सुई त्या तंबूत कण्याला समांतर घाला. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, थोडी मागे घ्या. नंतर खांद्यावर उंटासारखा फुगा येतो आणि तो ओघळून पुढच्या पायाकडे उतरतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. श्वास जोरात चालू लागला तर मात्र थांबा आणि डॉक्टर गाठा. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी झेपत नाही. सुई दर वेळी नवी. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बरणीत साठवून दवाखान्यात द्या.

खाण्यात फॉस्फरस कमी हवा. किडनीचं तयार खाणं मिळतं, पण ते आजच्या आज बदलू नका. नेहमीच्या खाण्यात चमचा-चमचा वाढवत दोन-तीन आठवडे घ्या. मळमळणाऱ्या मांजरापुढे नवं खाणं ठेवलं तर ते त्याचा कायमचा तिटकारा धरतं. आणि दोन-तीन दिवसांचा उपास झाला तर यकृतात चरबी साठते, तो आजार किडनीआधी नेतो. नाही खाल्लं तर जुनंच खाऊ द्या. पोटात काहीतरी जाणं पथ्यापेक्षा महत्त्वाचं. भूक लागावी म्हणून मिर्टाझापिनबद्दल डॉक्टरांना विचारा. सुकट आणि खारे बोंबील बंद. हाडांचं सूपही नको, आणि घरच्या रश्श्यातलं चिकन तर नकोच, त्यात कांदा-लसूण असतो.

या मांजरांना बद्धकोष्ठही होतं. दोन दिवस लिटरमध्ये (शी-शूच्या पेटीत) शी दिसली नाही की डॉक्टरांना फोन करायचा. लिटरची कड बुटकी हवी, सांधे दुखणारं मांजर उंच पेटीत चढत नाही आणि मग गादीवर करतं.

घर शोधायच्या पोस्टमध्ये ‘थोडंसं आजारी’ असं लिहू नका. वय, पायरी, सलाईन आठवड्यातून किती वेळा, कोणती औषधं आणि मागच्या महिन्याचं बिल, सगळं लिहा. फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे. सकाळ-संध्याकाळ घरात कुणीतरी मोठं माणूस असलेलं घर निवडा, खिडक्या-गॅलरीला जाळी हवी आणि दंगा करणारं पिल्लू नको. लहान मुलांच्या हट्टासाठी मांजर मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

देण्याआधी त्या माणसाला तीनदा बोलवा. पहिल्यांदा बघेल, दुसऱ्यांदा तुमच्या देखरेखीखाली सुई घालेल, तिसऱ्यांदा तुम्ही खोलीबाहेर थांबा. हे जमत नसेल तर जवळच्या दवाखान्यात सलाईन देऊन आणण्याची तयारी आहे का ते विचारा. तीही नसेल तर ते घर या मांजरासाठी नाही. मांजराबरोबर आठवडाभराची औषधं आणि सध्याचं खाणं द्या, जुनं अंथरूण न धुता द्या, शिवाय रिपोर्टच्या प्रती आणि एक वजनकाटा. दर रविवारी वजन लिहायचं. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम उतरलं तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही.

कागदावर दोन गोष्टी आधीच लिहून सह्या करा. जमलं नाही तर मांजर तुमच्याकडेच परत येईल, तिसऱ्याकडे जाणार नाही. आणि खाणं-पिणं सुटून औषधांनीही आराम पडेनासा झाला तर कायमच्या झोपेचं इंजेक्शन देण्याचा निर्णय कोण, कुठल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणार आणि त्याचा खर्च कुणाचा.