तुम्ही विचारलंत म्हणून: चित्राचा फोटो काढावा का, आणि काढून करायचं काय?

जळगाव-धुळ्यात प्रदर्शन लागलं, चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं दालन कुणी पाहून आलं, की पाठोपाठ प्रश्न येतात. चित्रांचे फोटो काढले तर चालतात का? काढलेले पिवळे, वाकडे, चकाकणारे का येतात? आणि दोनशे फोटो काढून घरी आल्यावर एकही चित्र आठवत नाही, ते का?

फोटो काढा, पण थोडे काढा, आणि चित्र पाहून झाल्यावर काढा. फोटो म्हणजे चित्राची नक्कल नव्हे, टिपण. नक्कल हवी असेल तर दालनातून कॅटलॉग घ्यावा. तो दिवे लावून, स्टँडवर कॅमेरा ठेवून केलेला असतो आणि आपला फोन त्याच्या जवळपासही जात नाही. टिपणाचं काम वेगळं. आपली नजर नेमकी कुठं अडकली होती, ते त्यातून घरी येतं.

न आठवण्याचं कारण अभ्यासात सापडलं आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास संग्रहालयातच झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी अख्खे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. मात्र झूम करून एखादाच भाग टिपला, तेव्हा हे नुकसान झालं नाही. म्हणून चित्रासमोर आलात की फोन खिशात ठेवून तीन मिनिटं उभे राहा. तीन मिनिटं फार वाटतात, घड्याळ लावून पाहा. पहिल्या मिनिटात विषय कळतो, दुसऱ्यात कंटाळा येतो, आणि तिसऱ्यात कोपऱ्यातली ती गोष्ट दिसते जिच्यासाठी फोटो काढायचा असतो.

आता क्रम. पहिला फोटो चित्राशेजारच्या माहितीच्या पाटीचा. फोन फोटो वेळेनुसार लावतो, त्यामुळे पाटी आधी आली की तिच्यानंतरचे सगळे फोटो त्या चित्राचे, पुढची पाटी येईपर्यंत. नंतर काढू म्हटलं की ती हमखास राहते. पाटीवरचं माप वाचून घ्या. संग्रहालयाची रीत उंची आधी, रुंदी नंतर अशी आहे, पण गावोगावच्या प्रदर्शनांत दोन्ही प्रकार दिसतात आणि इंच की सेंटीमीटर हेही लिहिलेलं नसतं. आडवं चित्र आणि पाटीवर ३६ × २४ दिसलं, तर तिथं रुंदी आधी लिहिली आहे. दुसरा फोटो चौकट आणि आजूबाजूची भिंत धरून, म्हणजे चित्र केवढं होतं ते कळतं. तिसरा फक्त चित्राचा, सरळ. मग तपशिलाचे दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत.

सरळ फोटो वाकडा येतो कारण आपण फार जवळ जातो. फोनची मुख्य भिंग रुंद नजरेची असते. ६० × ९० सेंटीमीटरचं चित्र तिनं टिपायला एक मीटरवर उभं राहावं लागतं आणि तेवढ्या जवळून चित्राच्या कडा फुगतात. त्याऐवजी २ पट झूम लावा आणि मागं सरकून दोन मीटरांवर उभे राहा. फोन चित्राच्या मधोमध, त्याच उंचीवर धरा. चित्र वर टांगलं असेल तर फोन तिरपा करून वर बघू नका, हात वर करा. सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या रेषांची जाळी, सुरू ठेवा आणि चौकटीची खालची कड ग्रिडच्या रेषेशी जुळवा. दोन्ही बाजूंच्या उभ्या कडा आपोआप जुळल्या नाहीत, तर फोन पुढे किंवा मागे झुकलाय. अर्थात चौकटच भिंतीवर किंचित पुढं झुकलेली असते, दोरीवर टांगलेली चित्रं झुकतातच. मग फोनही तेवढाच झुकवावा.

कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप वापरण्याची युक्ती अनेकांना सुचते. कडा सरळ होतात खऱ्या, पण ते ॲप कागद पांढरा करायला बनवलेलं असतं. जलरंगातला फिकट, पातळ थर, म्हणजे चित्राचं अर्धं आभाळ, ते मळ समजून पुसून टाकतं. फोनमधला ब्यूटी मोडही आधी बंद करा. व्यक्तिचित्रातला चेहरा फोन खरा माणूस समजतो आणि चित्रकारानं मुद्दाम ठेवलेले ब्रशचे फटकारे गुळगुळीत करून देतो. तपशील टिपताना फोन फार जवळ नेलात की तो गुपचूप मॅक्रोवर, म्हणजे आणखी रुंद भिंगावर जातो. हातभर अंतर ठेवून ३ पट झूम करणं बरं; चित्राला धक्का लागण्याची भीती नाही आणि राखणदाराच्या जिवालाही घोर नाही.

काचेचा विषय मात्र सवडीनं सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त फोटो तिथं वाया जातात. जलरंग, रेखाटनं, छापचित्रं आणि फोटोग्राफ बहुधा काचेमागं असतात. चित्र जितकं गडद, तितकी काच आरशासारखी वागते. फिकट कागदावरच्या रेखाटनात आपलं प्रतिबिंब जाणवत नाही, पण काळ्याभोर छायाचित्रात आपण, आपला पांढरा शर्ट आणि मागची ट्यूबलाइट, सगळे हजर. चाळीसगावला हे फार सोसावं लागतं. केकी मूस (१९१२–१९८९) यांची ख्याती टेबल-टॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या आणि त्यांतून अख्खा देखावा उभा करायचा, असं ते काम. त्या चित्रांमध्ये सगळी किमया सावल्यांत असते आणि नेमक्या सावल्यांतच काच आपल्याला दाखवते.

उपाय साधे आहेत. गडद कपडे घालून जा. समोर उभं न राहता एक पाऊल बाजूला सरका आणि २ किंवा ३ पट झूम करून काढा. आलेला तिरपेपणा घरी फोनच्या क्रॉपमधल्या सरळ करायच्या सोयीनं निघतो. परवानगी असेल तर काळं कार्डशीट न्या, ए-३ आकाराचं, मधोमध भिंगापुरतं भोक पाडलेलं. फोन त्याच्यामागं धरला की काचेत फक्त काळं दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. बरोबर कुणी असेल तर काळी ओढणी दोन्ही हातांनी पसरून मागं धरायला सांगा, तीही चालते. पोलराइझर फिल्टर, म्हणजे चकाकी कमी करणारी भिंगावरची काच, घ्यावा का, असंही विचारलं जातं. तो काचेकडे तिरकं पाहताना काम करतो, समोरून साधारण ५५ अंश कललेल्या दिशेनं सर्वांत चांगला. अगदी समोरच्या प्रतिबिंबावर त्याचा उपयोग नाही, आणि ५५ अंशांवरून चित्र सरळ कसं काढणार? त्यामुळे पैसे वाचवा.

फ्लॅशबद्दल दोन गोष्टी. प्रकाशानं रंग उडतात आणि ते नुकसान साठत जातं, म्हणून कागद, जलरंग, कापड यांच्यावर संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवतात, तैलरंगांवर २००पर्यंत. एका फ्लॅशनं चित्र जळत नाही, हेही खरं. पण फ्लॅशनं तुमचा फोटो नक्की जळतो: वार्निशवर पांढरा डाग, बाकी अंधार. तेव्हा बंदी असो वा नसो, फ्लॅश बंदच. कमी उजेडात हातांची कोपरं पोटाशी धरा, श्वास सोडून बटण दाबा, एकाऐवजी तीन काढा. फोटोत आडवे पट्टे आले तर ते एलईडीच्या लुकलुकण्याचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रो मोडमध्ये, म्हणजे मापं आपण ठरवायच्या सोयीत, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. पांढऱ्या भिंतीवरचं चित्र काळवंडून येतं कारण फोन भिंत मोजतो. चित्रावर बोट दाबून ठेवा, माप तिथं पक्कं होतं.

रंगाची गोष्ट सर्वांत फसवी. दालनात वरून पिवळसर स्पॉटलाइट, दारातून निळसर उजेड, आणि फोन दोघांची सरासरी काढतो. वर चित्रच पिवळं असेल तर फोनला वाटतं उजेड पिवळा आहे, आणि तो हळद धुऊन टाकतो. म्हणून पहिल्या फोटोत पाटीशेजारी एक पांढरा कागद धरा. घरी रंग जुळवताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच जुळवायचं, चित्र ‘छान’ दिसेपर्यंत नाही. अजिंठ्याला हा नियम अक्षरशः कामाला येतो. तिथल्या काही चित्रांवर मागं कधीतरी जपणुकीसाठी वार्निश आणि लाखेचे थर चढवले गेले, ते पिवळे पडले. ते पिवळेपण उजेडाचं नाही, आता चित्राचंच आहे. ते घालवलं तर तुम्ही न पाहिलेलं चित्र घरी आणाल.

अजिंठा जिल्ह्यानं आपला नाही, पण जळगावहून साठेक किलोमीटरवर, म्हणून मनानं आपलाच. सोमवारी लेणी बंद असतात, फ्लॅशला मनाई आहे. आणि नकलांचं काय होतं हे सांगायलाही तीच जागा. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं तिथं बसून भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलरंगी प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढं जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५च्या आगीत जळाल्या. गिल १८७९ साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. ते फोटोही काढत, हे मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आता फोटोचं करायचं काय. तिथंच, दालनातल्या बाकावर बसून, प्रत्येक निवडलेल्या चित्रासाठी तीन ओळी लिहा. पेन्सिलीनं, चित्रांजवळ शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पहिली ओळ: काय दिसतं. दुसरी: ते कसं केलंय. तिसरी: एक प्रश्न. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मन मोहून टाकणारं’ हे शब्द तीनही ओळींत वर्ज्य, कारण ते कुठल्याही चित्राला चिकटतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. ‘शांत, करुणामय चेहरा’ हे गाइडही सांगतो. हाताकडे बघा. निळं कमळ धरलेल्या त्या बोटांत पकड नाही, देठाला जेमतेम स्पर्श आहे. मुकुट एवढा जड, खांदे एवढे भरीव, आणि हात असा बिनवजनाचा का? ही झाली तिसरी ओळ. आणि तपशिलाचा फोटो हाताचा काढायचा, चेहऱ्याचा नाही. चेहरा पुस्तकात मिळतो.

रंग लिहिताना ‘हिरवा’, ‘करडा’ यावर थांबू नका. आपल्याकडे शब्दांची काय कमी? केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा वेगळा, जुन्या पानाचा वेगळा, आणि आपल्या भरिताच्या वांग्याचा तो पांढुरका हिरवा आणखी वेगळा. करडा म्हणजे कळण्याच्या भाकरीचा की राखेचा? मोरपंखी, अंजिरी, आमसुली, विटकरी हे शब्द आईच्या-आजीच्या लुगड्यांच्या खरेदीतून आलेत, पण चित्रासमोर ते छापील रंगनावांपेक्षा नेमके बसतात. फोटोतला रंग चुकला तरी वहीतला हा शब्द चुकत नाही. अमूर्त चित्रासमोर एखादे आजोबा हमखास विचारतात, “हाई काय शे भो?” लोक हसतात. हसू नये. तिसरी ओळ तीच आहे, फक्त तिच्याआधी पहिल्या दोन लिहायच्या राहिल्या.

मूस यांच्या दालनातून बाहेर पडणारे बहुतेक लोक पंजाब मेलची दंतकथा, म्हणजे त्या गाडीनं येणाऱ्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत ही गोष्ट, सांगत निघतात, चित्रांबद्दल कुणी बोलत नाही. तिथं पहिल्या दोन ओळींसाठी एवढंच शोधा: उजेड कोणत्या बाजूनं आलाय, सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतात का, आणि देखावा टेबलाएवढाच आहे हे कुठं उघडं पडतं. कृष्णधवल छपाईत काळा तपकिरीकडे झुकलाय की निळ्याकडे, तेही लिहा. म्हणूनच त्यांचे फोटो रंगीतच काढा. फोनच्या ब्लॅक-अँड-व्हाइटमध्ये ही छटा मरते.

कायदा थोडक्यात. दालनाची मनाई हा घरमालकाचा नियम, विचारून पाळायचा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संग्रही संस्थांत आधी कार्यालयात विचारणं उत्तम. स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, निराळा. १९५७च्या कायद्यानुसार तो कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी. मूस यांची २०४९ संपेपर्यंत नाहीत. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी रास्त वापर चालतो, कॅलेंडरवर किंवा कॉफीच्या मगवर छापणं चालत नाही. चित्र विकत घेतलेल्या माणसालाही तो हक्क आपोआप मिळत नसतो.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी जादा फोटो पुसून टाका आणि एवढेच ठेवा: प्रत्येक चित्राची पाटी, एक पूर्ण, एक तपशील, बस. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ब्रशचे फटकारे लापशी होऊन पोचतात. आणि सोबत चित्रकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप.

हां, आणि दाराशी अभिप्रायाची वही असते. तिच्यात ‘खूप छान उपक्रम’ची पानंच्या पानं असतात. तुमच्या तीन ओळींतली दुसरी तिथं उतरवा, चित्राच्या क्रमांकासकट. चित्रकार ती वही घरी नेऊन वाचतो. तेवढ्यासाठी पेन मात्र स्वतःचं न्या. वहीला सुतळीनं बांधलेलं बहुधा उमटत नाही.