माती परीक्षणाच्या अहवालात शिसे नसते: माझा अनुभव

आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याची भट्टी होती. ती बंद पडून बरीच वर्षे झाली, पण शिसे कुजत नाही आणि पावसाने फारसे खालीही झिरपत नाही. ते मातीच्या वरच्या थरातच राहते. त्याच परसात आम्ही मेथी-पालक लावतो आणि माझा लहान नातू तिथेच खेळतो, म्हणून माती तपासून घ्यायचे मी ठरवले.

माती परीक्षण केंद्राच्या अर्जावर मी ठळक अक्षरांत ‘शिसे व कॅडमियम’ असे लिहिले होते. हाती आलेल्या पत्रिकेत मात्र नेहमीचे बारा रकाने होते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. खाली शेरा होता, ‘जमीन भाजीपाल्यास योग्य’. विचारणा केल्यावर खिडकीवरचे कर्मचारी म्हणाले, “जस्त, तांबे हे धातूच ना? ते तपासलेत की.” त्यांनी साहेबांकडे पाठवले, साहेबांनी दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगितले आणि त्या कार्यालयाने, हा विषय शेतीचा असल्याचे सांगून मला पुन्हा पहिल्याच खिडकीवर धाडले. ‘या तपासणीत शिसे येत नाही’ एवढे एक वाक्य लेखी द्या, ही माझी साधी मागणीही कोणी मान्य केली नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. 2015 पासूनची मृदा आरोग्य पत्रिका खतांच्या शिफारशीसाठी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यातले जस्त किंवा तांबे हे पिकाला किती उपलब्ध आहे, कमतरता आहे का, एवढेच सांगते. मातीतले एकूण शिसे मोजायला माती तीव्र आम्लात विरघळवून वेगळ्या यंत्रावर तपासावी लागते. मग जे तपासलेच नाही त्याबद्दल ‘योग्य’ हा शेरा कशाच्या आधारावर दिला जातो?

अखेर खासगी प्रयोगशाळेतून काम झाले. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढे ऐकून थांबू नये. त्या मान्यतेच्या यादीत ‘माती’ आणि ‘शिसे’ ही जोडी आहे का, हे पाहावे, ती यादी सर्वांना पाहता येते. अर्जात ‘एकूण शिसे’ असे स्पष्ट लिहावे. आमच्या मातीत कॅडमियम नगण्य निघाले, शिसे मात्र किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या बरेच वर होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या जागेच्या मातीसाठीची तपासणी-पातळी (आकडा जिच्यावर गेल्यास अधिक तपास करायचा ती) जानेवारी 2024 मध्ये 400 वरून 200 वर आणली आहे, त्यामुळे हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

नमुन्याबद्दल सांगायचे राहिले. नेहमीप्रमाणे वीतभर खोल खड्डा घेतला तर खालची स्वच्छ माती मिसळून आकडा उतरतो, म्हणून मूल जिथे खेळते तिथला वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वेगळा द्यावा. खुरपे आणि बादली प्लास्टिकची घ्यावी, रंग दिलेले घमेले नको.

नातवाचे रक्तही तपासले. रक्त शिरेतूनच घ्यायला सांगावे, कारण बोटाला टोचून घेतल्यास कातडीवरच्या धुळीतले शिसे मिसळून आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून संपर्क थांबवावा लागतो. नातवाच्या रक्तातले प्रमाण त्याखाली आले तेव्हा आमच्या घरात सर्वांचा जीव भांड्यात पडला, तरी शिशाची निर्धोक अशी पातळी नसल्याने डॉक्टरांनी काही महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. त्यांनी हिमोग्लोबिनही पाहिले, कारण लोह कमी असले की लहान मुलांचे आतडे शिसे अधिक शोषते, आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर पडतो.

परसातली उघडी माती आता फरशीखाली झाकली आहे आणि भाजी बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत लावली आहे. शेऱ्याबद्दलचा लेखी अर्ज मी केंद्राकडे दिला असून त्याची पोच घेऊन ठेवली आहे.